उत्तर साधारण किती येईल? शाब्दिक उदाहरणांतल्या अंदाजाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी दापोली तालुक्यात पाचवी ते आठवीच्या मुलांना गणित शिकवते. पालकसभेत, एसटीच्या थांब्यावर, एकदा तर मासळी घेताना पिशवी हातात लोंबत असताना लोकांनी मला हेच प्रश्न विचारले आहेत. दरवेळी तेच बोलण्यापेक्षा एकदा लिहून काढलेलं बरं.

अंदाज करायचा म्हणजे उत्तर ठोकून द्यायचं ना?

ठोकून देण्याला आपल्याकडे वेगळा शब्दच आहे, अंदाजपंचे दाहोदरसे. अंदाज कुठून काढला हे विचारलं तर सांगता आलं पाहिजे.

आमच्या वर्गात एकदा उदाहरण होतं: ४८ पेट्या, एका पेटीत पाच डझन हापूस, एकूण आंबे किती? एका मुलाने २८८ लिहिलं. गुणाकारात शून्य घ्यायचं राहिलं, एवढीच चूक. पण २८८ ला ४८ ने भागलं तर पेटीत सहा आंबे येतात. हा मुलगा आंब्याच्या घरातला. त्याच्या ओटीवर त्याच आठवड्यात पेंढा घालून पेट्या भरणं चाललं होतं आणि संध्याकाळी तो स्वतः आंबे मोजून लावत होता. मी नुसतं विचारलं, "एका पेटीत सहाच?" तर तो हसायला लागला. घरी ज्याला पेटीचा अंदाज पक्का आहे, तो वहीत तो वापरत नाही. वहीतल्या पेट्या त्याला खऱ्या वाटतच नाहीत. अडचण सगळी इथे आहे.

५० पेट्या धरल्या, पेटीत ६० आंबे, तर ३०००. पेट्या दोन जास्त धरल्या, म्हणून उत्तर त्याहून थोडं कमी. खरं उत्तर २८८०.

अंदाज आधी करायचा की गणित सोडवून झाल्यावर ताळा म्हणून?

आधीच. नंतर करायला सांगितलं तर मुलं आलेलं उत्तर बघून त्याला शोभेल असा अंदाज लिहितात. मी वहीच्या समासात पेनाने लिहायला लावते, खोडरबर चालत नाही. चुकीच्या अंदाजाचे गुण कापत नाही, पण समास कोरा असेल तर उदाहरण तपासतही नाही. काही पालकांना हे जाचक वाटतं. वाटू दे.

पाच किंवा पुढचा अंक आला की वाढवायचं, चारपर्यंत सोडायचं. हा नियम पुरेसा नाही का?

पुस्तकात "जवळच्या दहात आसन्न किंमत काढा" असं विचारलं असेल तर पुरेसा आहे. बाहेर तो हमखास तोंडघशी पाडतो, कारण या नियमाला गोष्ट माहीत नसते, फक्त अंक दिसतात.

लग्नाचं वऱ्हाड १४० माणसांचं आहे आणि एका गाडीत ४४ बसतात. भागाकार ३ पूर्णांक आणि बाकी ८. नियमाने तीन गाड्या. मग आठ जण काय मागून पोहत येणार? गाड्या चारच लागतात. याउलट १४० रुपयांत ४४ रुपयांचे नारळ किती येतील, तर तीनच. आकडे तेच, भागाकार तोच, उत्तरं दोन. वाढवायचं की सोडायचं हे बाकी सांगत नाही, वऱ्हाड आणि नारळ सांगतात.

हे फक्त आपल्याच मुलांचं होतं असं नाही. अमेरिकेत १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला मोठ्या चाचणीत तेरा वर्षांच्या मुलांना असंच विचारलं होतं: ११२८ सैनिक, एका बसमध्ये ३६, बस किती? सुमारे सत्तर टक्के मुलांनी भागाकार बरोबर केला. पण २९ टक्के मुलांनी उत्तर लिहिलं, "३१ बस, बाकी १२". ३२ असं बरोबर उत्तर लिहिणारी २३ टक्केच निघाली. बाकी बाराची बस कशी दिसत असेल, मला अजून कुतूहल आहे.

म्हणून मी मुलांना एकच विचारायला शिकवते: चूक झालीच तर कुठल्या बाजूला झालेली परवडेल? कमी पडलं तर काय होईल, जास्त झालं तर काय होईल? पुढची बरीचशी उत्तरं याच एका प्रश्नाला लागून आहेत.

बाजाराची बेरीज तोंडी कशी करायची? मुलगी बोटंच मोजत बसते.

तिला गोळाबेरीज शिकवा. समजा ३८, ५४, ११२, ६३ आणि २६ रुपयांच्या पाच वस्तू आहेत. जवळच्या दहात घेतलं तर ४०, ५०, ११०, ६०, ३०, मिळून २९०. खरी बेरीज २९३. काही आकडे चढले, काही उतरले, एकमेकांत जिरले.

पैसे पुरतील का हे बघायचं असेल तर मात्र सगळे चढवायचे: ४०, ६०, १२०, ७०, ३०, म्हणजे ३२०. पाकिटात पाचशे असतील तर विषय संपला. तीनशेच असतील तर गंमत आहे. गोळाबेरीज म्हणते पुरतील, चढता अंदाज म्हणतो नाही पुरणार. दोन अंदाज भांडायला लागले की कागद घ्यायचा आणि नीट बेरीज करायची. कुठे नेमकं मोजण्याचे कष्ट घ्यायचे हे अंदाजच सांगतो, म्हणून तो आळशी माणसाचं काम आहे असं मला कधी वाटलं नाही.

गुणाकार-भागाकारात आकडे कुठे वळवायचे?

गुणाकारात एक चढवला तर दुसरा उतरवा. ४८ गुणिले ३३ ला ५० आणि ३० धरले तर १५००, खरं १५८४. दोन्ही चढवून ५० आणि ३५ धरले तर १७५०, बरंच लांब गेलं.

भागाकारात उलटं. दोन्ही एकाच बाजूला न्यायचे. इथे मुलं (आणि मोठी माणसंसुद्धा) फसतात, म्हणून चिऱ्यांचं उदाहरण देते. चाळीस फूट लांब, चार फूट उंच कुंपणाची भिंत बांधायची, म्हणजे १६० चौरस फूट. समजा चिऱ्याचा दर्शनी भाग सव्वा फूट लांब आणि पाऊण फूट उंच आहे. सव्वा गुणिले पाऊण म्हणजे एकाला थोडं कमी. कोणीही म्हणेल, चौरस फुटाला एक चिरा, १६० चिरे मागवा. पण आपण चिरा होता त्यापेक्षा मोठा धरला, त्यामुळे चिऱ्यांची संख्या कमी आली. नेमका हिशेब १७१ वर जातो. दर्जांत भरणारा माल थोडे चिरे वाचवतो, पण गाडीतून उतरवताना कोपरे तुटतात, एखादा चिरा पावसात मऊ पडलेला निघतो. गवंडी १८० सांगतो तेव्हा तो फसवत नसतो. पुन्हा दहा चिऱ्यांसाठी गाडी बोलवायची म्हणजे भाडं चिऱ्यांपेक्षा जास्त, हे त्याला ठाऊक असतं.

पावकी, निमकी, पाऊणकी (पाव, अर्धा, पाऊण यांचे पाढे) आता कशाला हवी? कॅल्क्युलेटर आहे की.

अडीचकी आणि औटकीसाठी (साडेतीनच्या पाढ्यासाठी) मी भांडणार नाही. पण पाऊणकीसाठी भांडेन, कारण या किनाऱ्यावर ती भरती सांगते.

पद्धत जुनी आहे आणि कोळीवाड्यातल्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ आहे. पक्षातली तिथी घ्या, शुक्ल असो की कृष्ण, आणि तिची पाऊणपट करा. तेवढ्या वाजण्याच्या सुमाराला पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात, द्वादशीला नऊ. तीच वेळ दिवसा आणि तीच रात्री. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास. गावागावात फरक पडतो, खाडीत आत जावं तसं पाणी उशिरा चढतं, तो फरक ज्याने त्याने आपल्या बंदराचा जोडून घ्यायचा.

आता यातला अंदाज तपासू. पंधरा तिथींत भरतीची वेळ फिरून पुन्हा बारावर यायला हवी. म्हणजे पंधरा तिथींना बारा तास, एका तिथीला ४८ मिनिटं. पाऊण तास म्हणजे ४५. दर तिथीला तीन मिनिटं हरवतात आणि पंधरा पाऊणे होतात सव्वाअकरा, बारा नाही. पाऊण तासाची तूट!

आठवीच्या मुलांना मी ही तूट शोधायला देते, आणि मग विचारते की ४८ मिनिटं, म्हणजे तासाचे चार पंचमांश, का नाही धरले? वर्गातल्या एका मुलीचं उत्तर मला फार आवडलं: "बाई, पाऊणकी पाठ होती, पंचमांशाची 'की' नव्हती." अगदी बरोबर. होडीत बसून ज्याचा गुणाकार तोंडी येतो तोच आकडा कामाचा. आणि तूट पडते तीही एकाच बाजूला. नियम खऱ्यापेक्षा आधीची वेळ सांगतो. भरतीवर होडी खाडीत घ्यायची असेल तर लवकर जाऊन थांबणं परवडतं, उशीर परवडत नाही.

(आता भरतीचे छापील तक्ते आणि मोबाइल आहेत. पोहायला जाताना तेच बघा, पाऊणकीवर पाण्यात उतरू नका.)

पायली, शेर, गुंठा, ब्रास. ही मापं मुलांनी शिकायची का?

गुंठा आणि ब्रास नक्की, कारण ती रोज कानावर पडतात. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, बरोबर ३३ फूट बाय ३३ फूट, आणि ४० गुंठ्यांचा एकर. अंदाजाला ११०० धरा. ब्रास म्हणजे १०० घनफूट, वाळू-खडीला तोच. शेर-पायलीचं एवढंच पुरे की चार शेरांची पायली आणि वीस मणांची खंडी.

स्कॉलरशिपच्या परीक्षेत अंदाजाचा उपयोग होतो का?

चार पर्याय असतात तिथे होतोच, पण क्लासवाले सांगतात तितका नाही. ४९ गुणिले २१, पर्याय १२९, १०२९, १२०९, १०२९०. पन्नास विसा हजार, त्यामुळे पहिला आणि शेवटचा गेला. उरलेल्या दोघांचा शेवटचा अंक नऊच, तिथे एककाची युक्ती संपली. मग २१ ची पन्नास पट १०५०, त्यातून एक २१ वजा, १०२९. अंदाजाने निम्मं काम केलं, उरलेलं गणिताने. प्रश्न काढणाऱ्यांनाही युक्त्या ठाऊक असतात हो.

उदाहरणात नको असलेली माहिती असेल तर मूल सगळे आकडे मिळवून टाकतं. काय करावं?

हा जुना आणि जगभरचा रोग आहे. १९८०च्या सुमारास फ्रान्समध्ये ग्रेनोबलला लहान मुलांना विचारलं होतं की जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? ९७ पैकी ७६ मुलांनी आकडे जुळवून वय काढून दिलं. मी मेंढ्यांच्या जागी पापलेट आणि बांगडे घालून आमच्या वर्गात तांडेलाचं वय विचारलं. बऱ्याच वह्यांत छत्तीस वर्षं. एकाने लिहिलं, "माझे आजोबा तांडेल आहेत, ते सत्तर वर्षांचे आहेत." त्याला मी पूर्ण गुण दिले. त्याने निदान खऱ्या तांडेलाकडे तरी पाहिलं.

उपाय म्हणून आकडे झाकून उदाहरण वाचायला लावा. काय विचारलंय आणि उत्तर कशात येणार, रुपयांत, किलोत की माणसांत, हे आधी तोंडाने सांगायचं. मग बोट काढायचं.

जे मोजताच येत नाही त्याचा अंदाज कसा करायचा? झाडावरचे आंबे, डोंगरावरचा पाऊस?

बाग कराराने घेणारा झाडाखाली उभा राहतो, एक फांदी मोजतो, अशा फांद्या किती ते बघतो. एका फांदीवर ४० फळं, अशा २५ फांद्या, म्हणजे हजार. पण झाड सगळीकडे सारखं धरत नाही. एकाच बाजूच्या फांद्या मोजल्या तर फसगत, म्हणून तो झाडाला पुरती फेरी मारतो. मग गळ आणि वानरांचा वाटा वजा करतो. सरकारसुद्धा पिकाचा पहिला अंदाज असाच घेतं, त्याला नावच "नजरअंदाज पैसेवारी" आहे. नंतर सुधारित येते, मग अंतिम. अंदाज टप्प्याटप्प्याने सुधारायचा असतो हे मुलांना सांगायला याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

शास्त्रज्ञ एन्रिको फर्मी यांची अशा अंदाजांसाठी ख्याती होती. १६ जुलै १९४५ ला पहिल्या अणुस्फोटाच्या वेळी त्यांनी कागदाचे कपटे सोडले, धक्क्याने ते किती लांब सरकले ते पाहिलं आणि स्फोट दहा हजार टन टीएनटीएवढा असावा असं सांगितलं. प्रत्यक्षात तो दुपटीहून थोडा अधिक होता. तरीही कपट्यांवरून शून्यं बरोबर आली, मोठी गोष्ट तीच.

पावसाचं गणित घरच्या छपरावर करा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. हजार चौरस फुटांचं छप्पर म्हणजे ढोबळ १०० चौरस मीटर (खरे ९३). कोकणात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. शंभर गुणिले तीन हजार, म्हणजे तीन लाख लिटर. चार माणसांच्या घराला माणशी शंभर लिटरने वर्षाला दीड लाखही लागत नाही. मग मे महिन्यात टँकरची वाट का बघतो आपण? पुढचा अंदाज त्याचं उत्तर देतो. कोरडे चार महिने धरले तर १२० दिवस, रोज ४०० लिटर, म्हणजे ४८ हजार. परसात हजार लिटरच्या ४८ काळ्या टाक्या उभ्या करायच्या. पाणी पडतं, ठेवायचं कुठे हा प्रश्न आहे.

घरातल्या बायका काही न मोजता स्वयंपाक करतात, ते गणित आहे का?

आहे. माझ्या सासूबाई भाताला तांदळाच्या वर बोटाचं एक पेर पाणी ठेवतात. तांदूळ मापटंभर असो की दोन शेर, पेर एकच. रोजच्या पातेल्यात कधी बिघडत नाही. मी एकदा तेवढेच तांदूळ पसरट टोपात लावले आणि पेरानेच पाणी घातलं. भात गिजगा झाला. टोप रुंद, म्हणून त्याच एका पेरात पाणी कितीतरी जास्त मावलं. तळाचं क्षेत्रफळ गुणिले उंची, हे मी वर्गात शिकवते, आणि चुलीपुढे विसरले. पेराचा नियम खरा होता, पण त्या पातेल्यापुरता.

किती चूक चालते?

वर्गात दहा टक्क्यांच्या आत आली तर मी शाबासकी देते. औषधाच्या मात्रेत, सोन्यात अजिबात नाही. प्रवासाच्या वेळेत कोकणात भरपूर. कोकण रेल्वेचा करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटर, गाडी ताशी ६५ ने गेली तर सहा मिनिटं, हे गणित सुरेख आहे. पण पावसाळी वेळापत्रक लागलं की गाड्या सावकाश चालतात.

बाई, तुमचा अंदाज चुकत नाही का?

मागे गणपतीला चुकला. चौदा माणसं, माणशी सहा मोदक, म्हणजे ८४. नैवेद्याचे २१ त्यातच धरलेले. शेजारी द्यायला सात, मिळून ९१. आमच्याकडे एका नारळात पंधराएक मोदकांचं सारण होतं. ९१ भागिले १५, सहा आणि वर किंचित. मी सहा नारळ काढून ठेवले. वरच्या हिशेबातलं वऱ्हाड मीच विसरले. त्यात दोन नारळ लहान निघाले आणि एक फोडल्यावर खवट. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पारी छोट्या केल्या आणि मुंबईहून आलेल्या धाकट्या दिरांच्या पानात दोन मोदक वाढून वर भरपूर तूप घातलं.

पुढच्या वर्षी आठ नारळ सोलले. दीड उरला, त्याची दुसऱ्या दिवशी सोलकढी केली.